हिप्परग्याच्या अण्णांचे जाहीर आभार

अण्णा, सप्रेम नमस्कार.

फोनवर ‘आभार कसले मानताय’ म्हणून तुम्ही विषयच मिटवलात, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

१८७१ साली बांधून झालेल्या हिप्परग्याच्या तलावावर थंडीत पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, उतरतात, हे सोलापूरच्या पक्षिमित्रांना ठाऊक आहे. पण दिवसभर ते पाण्यात मधोमध बसून असतात. दुर्बिणीतूनही राखाडी ठिपकेच दिसतात. दिवस कलला की ते कुठल्या बाजूने तुमच्या गाळपेरातल्या, म्हणजे तलावाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीतल्या, हरभऱ्याकडे येतात, हे तुम्ही सांगितलंत. आम्हाला बाभळीआड बसवलंत आणि ‘सगळ्यांनी माना वर केल्या की समजा, त्यांनी बघितलं’ म्हणून दटावलंतही.

म्हणून डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे आम्हाला इतक्या जवळून पाहता आले. पण त्याहून मोलाचं तुम्ही दाखवलंत. “ह्या चौघांच्या डोक्याला पट्टे न्हाईत बघा.” अण्णा, ती त्याच वर्षीची पिल्लं! पहिल्या हिवाळ्यात पट्टे उमटलेले नसतात आणि पिल्लं आईबापांसोबतच राहतात. तिबेट, लडाख, मंगोलिया अशा कुठल्यातरी थंड प्रदेशात उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर पडलेली ही पोरं काही महिन्यांतच हिमालय ओलांडून तुमच्या वावरात चरत होती. सात हजार मीटरहून उंच उडाल्याची या पक्ष्यांची नोंद आहे. विरळ हवेतलाही प्राणवायू धरून ठेवणारं रक्त त्यांना लाभलंय. कळपात पिल्लं किती, यावरून त्या साली वीण कशी झाली याचा अंदाज येतो. आमच्या नोंदवहीत आता पिल्लांचा वेगळा रकाना आहे, तो तुमच्यामुळे.

हरभऱ्याचे शेंडे खुडले की फुटवा चांगला येतो, असं म्हणून तुम्ही नुकसान हसण्यावारी नेता. पण कादंब काही शेंड्यांवर थांबत नाहीत, हे मलाही दिसतं. तरी तुम्ही कधी फटाके वाजवले नाहीत, कुत्री सोडली नाहीत. उलट ड्रोन घेऊन आलेल्या पोरांना बांधावरूनच परत पाठवलंत. तुमच्याजागी मी असतो तर एवढा धीर धरला असता का, सांगता येत नाही.

आक्कांनी दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीबद्दल त्यांनाही माझा नमस्कार सांगा. यंदा पाणी उतरून गाळपेर मोकळं झालं की एक फोन करा.

आपला,
सोलापुरातला एक पक्षिनिरीक्षक