सानचिन समजावून देणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

आभार मानलेले तुला आवडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. फोनवर विषय काढला की तू लगेच 'जेवलीस का' म्हणून बोलणं दुसरीकडे नेतेस. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय तू मला जे दाखवलंस ते आपल्याकडे कराटे शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आणखी काही जणांपर्यंत पोचावं, अशी मनापासून इच्छा आहे.

ज्यांनी सानचिन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. हा कराटेतला छोटा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम आहे. उडी नाही, लाथ नाही. पाय आत वळवून, अर्धवर्तुळात सरकवत तीन पावलं पुढे टाकायची. प्रत्येक पावलाला एक ठोसा, तोही सावकाश. पाहणाऱ्याला वाटतं, यात काही घडतच नाही. करणाऱ्याचा मात्र दोन मिनिटांत गी, म्हणजे कराटेचा पोशाख, भिजतो. कराटेतल्या शोतोकान घराण्याकडे हा काता नाही. गोजू-र्यू आणि उएची-र्यू या घराण्यांत मात्र तो पाया मानतात, शितो-र्यूतही शिकवतात. आणि कराटेचं माहेर असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटाच्या पश्चिमेला, समुद्रापलीकडच्या चीनच्या फूजियान प्रांतात श्वेत-क्रौंच आणि पंच-पूर्वज या शैलींत तोच पाया 'साम-चिएन' नावाने आजही शिकवला जातो. तू सिंगापूरला नोकरीसाठी गेलीस आणि तिथल्या होक्कियन, म्हणजे मूळच्या फूजियानच्या, आजोबांकडे नेमका तोच शिकायला लागलीस.

तुला आठवत असेल, ग्रेडिंगच्या, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेच्या, आधी माझ्या वर्गातल्या एका मुलीने मोबाईलवर चिनी पद्धतीचं साम-चिएन पाहिलं आणि मला विचारलं, "मॅडम, यांचे हात उघडे का? मूठ बांधत नाहीत, श्वासाचा आवाज करत नाहीत. मग खरं कोणाचं?" मी तोच प्रश्न तुझ्याकडे पाठवला. दोन ओळींचं उत्तर देऊन तुला मोकळं होता आलं असतं. तू लिहिलंस, "आधी दोन्ही अंगावर घेऊन बघ, मग बोलू." आणि मग खरोखरच बोललीस. आमचे पहाटेचे साडेपाच म्हणजे तुझे सकाळचे आठ, ऑफिसला निघायची घाई. तरी तू फोन भिंतीला टेकवून उभी राहायचीस आणि मला समोर उभं करायचीस.

पहिल्यांदा तू फक्त हाताकडे बघायला लावलंस. आपण गोजूवाले मूठ आवळतो. मूठ आवळली की कोपरापुढचा सगळा स्नायू जागा होतो, त्याच्या मागोमाग छाती आणि बगलेखालचा भाग ताठतो, आणि अख्खं धड एका जागी बांधलं जातं. मग तू म्हणालीस, "आता तेच कर, फक्त बोटं मोकळी सोड. खांदा कुठे गेला बघ." खांदा खाली उतरला होता. कोपर जड झालं होतं. हाताचा जोर आता छातीतून निघत नव्हता. पाठ किंचित गोल, छाती किंचित आत, आणि कंबरेतून आलेला एक छोटा हिसका बोटांच्या टोकापर्यंत. तुमच्याकडे याच हालचालीला गिळणं, थुंकणं, तरंगणं, बुडणं असे चार भाग पाडून शिकवतात, हे तू तेव्हा सांगितलंस. समोरच्याचा जोर आत घेतला, बाहेर टाकला, त्याला उचललं, खाली दाबलं. ही चार नावं मी आधी ऐकली होती. ती खांद्यात आणि कंबरेत कुठे असतात ते तू दाखवलंस.

मग श्वास. आपल्याकडे घसा थोडा आवळून लांब, ऐकू येणारा श्वास सोडतात. गोजूच्या वर्गाबाहेर उभं राहिलं तरी तो आवाज येतो. तुमच्या आजोबांच्या शाळेत श्वास नाकाने, शांत. शेजारच्यालाही कळू नये इतका. तू मला पोटावर हात ठेवायला लावून दोन्ही प्रकार करून घेतलेस. पोटाचं काम दोन्हीकडे सारखंच होतं. फरक होता तो घशात आणि बरगड्यांत.

एवढ्यावर माझं मत एका बाजूला झुकलं असतं. तू तिथे थांबली नाहीस, आणि मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते याच गोष्टीसाठी. तू म्हणालीस, "आता तिसरं बघ, उएचीचं." त्यानंतर चीन विरुद्ध ओकिनावा असा सामना उरलाच नाही.

उएची-र्यू ज्यांच्या नावाने चालते ते उएची कानबुन 1897 मध्ये ओकिनावाहून फूजियानमधल्या फूझौ शहरात गेले. जपानी सैन्यातली सक्तीची भरती टाळण्यासाठी गेले, असं सांगतात. तिथे झोउ झिहे यांच्याकडे ते शिकले आणि 1910 मध्ये परतले. पुढची बरीच वर्षं त्यांनी कुणालाच शिकवलं नाही. 1920 च्या दशकात कामासाठी जपानमधल्या वाकायामाला गेल्यावर तिथल्या ओकिनावाच्या मंडळींच्या आग्रहावरून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या सानचिनमध्ये हात उघडे आहेत. बोटांच्या टोकांनी मारतात, अंगठा आत दुमडलेला असतो. श्वास छोटा, धक्का गेल्यावर एक 'त्स्स' एवढाच. हात पाहिले तर ते तुझ्या साम-चिएनच्या जवळचं आहे. पण अंग पाहिलं तर ओकिनावाचंच: मांड्यांवर लाथा झेलणारं, नडगी घासून घासून टणक केलेलं. एकाच बेटावर दोन सानचिन. मग 'ओकिनावाचं सानचिन' असं एकवचनात बोलायचं तरी कसं?

आणि फूजियानमध्ये तरी एक कुठे आहे! योंगचुनचं श्वेत-क्रौंच मऊ आणि चाबकासारखं. फूझौकडे क्रौंचाच्याच निरनिराळ्या शाखा: उडणारा, ओरडणारा, खाणारा, अंगाला थरथर देणारा. च्वानझौच्या बाजूला त्साय युमिंग (1853–1910) यांच्या नावाशी जोडलेली पंच-पूर्वज शैली, जी होक्कियन लोकांबरोबर मनिला, पेनांग, सिंगापूरला पोचली आणि तिथे तुला भेटली. तू पाठवलेल्या वहीच्या पानांवर हे सगळं तुझ्या तिरप्या अक्षरात मराठीत लिहिलेलं आहे. ती पानं मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवली आहेत.

ओकिनावाचं बंदर नाहा आणि फूझौ यांचं नातं मी मुलांना आता नकाशा लावून शिकवते. 1392 पासून फूजियानची माणसं नाहाजवळच्या कुमे वस्तीत येऊन राहिली. 'छत्तीस घराणी' म्हणून त्यांचं नाव आजही निघतं. रियुक्यू या ओकिनावाच्या जुन्या राज्याची, चीनच्या बादशहाला नजराणा घेऊन जाणारी जहाजं फूझौला लागत आणि तिथे रियुक्यूच्या लोकांसाठी वेगळं निवासस्थान होतं. 1879 मध्ये जपानने ते राज्यच खालसा केलं. व्यापारी, दुभाषे, विद्यार्थी यांच्या या शतकानुशतकांच्या येण्याजाण्यातून हे काते आले. नाहाचे कराटे-गुरू हिगाओन्ना कानर्यो (1853–1915) याच वाटेने फूझौला जाऊन शिकून आले. त्यांच्या चिनी गुरूंचं नाव नाहाच्या परंपरेत 'र्यू र्यू को' असं आहे. ते म्हणजे ओरडणाऱ्या क्रौंच शाखेचे श्ये झोंगश्यांग, असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. तू या वादात मला ओढलं नाहीस, ते बरं केलंस.

हिगाओन्ना यांचं सानचिन आधी उघड्या हाताचं होतं, मूठ नंतर आली, असं सांगतात. त्यांचे शिष्य आणि आपल्या गोजू-र्यूचे संस्थापक मियागी चोजुन (1888–1953) यांनी वळणं नसलेलं, सरळ पुढे-मागे जाणारं छोटं सानचिनही बसवलं. त्यांचेच गुरुबंधू क्योदा जुहात्सु यांनी गुरूंची वळणांची जुनी मांडणी सांभाळली. म्हणजे एका गुरूच्या दोन शिष्यांतही फरक पडला. हे वाचून मी तुला विचारलं होतं, की मियागींनी हे का केलं असेल? तू म्हणालीस, त्यांच्यासमोर कोण उभं होतं ते बघ. त्या काळात कराटे अंगणातून शाळांत चाललं होतं. 1901 च्या सुमारास ओकिनावातल्याच शुरीच्या बाजूला इतोसु आन्को यांनी ते शाळेत नेलं होतं. रांगेत उभ्या असलेल्या पोरांना एकदम शिकवायचं, तर ताठ कणा, बांधलेलं पोट, मोजता येणारा श्वास हे समोरून दिसतं आणि सुधारता येतं. कंबरेतला हिसका दिसत नाही. तो गुरूच्या हाताला हात लावूनच कळतो. तुझं हे म्हणणं मला पूर्ण पटलं आहे.

त्यात माझी एक भर. मियागींनी मऊपणा टाकून दिला असं मला वाटत नाही. त्यांनी तो तेन्शो या दुसऱ्या कात्यात ठेवला. उघड्या हातांचा, वळणाऱ्या मनगटांचा तेन्शो त्यांनी स्वतः रचला आणि सानचिनच्या शेजारी उभा केला. स्वतः मियागी फूजियानला जाऊन आलेले होते, उघडा हात त्यांना अनोळखी असणं शक्यच नव्हतं. आणि आपलं मुठीचं सानचिन शेवटपर्यंत मुठीचं राहत नाहीच! शेवटच्या ठोशानंतर मुठी सुटतात, दोन्ही हात उघडे पुढे जातात, पकडतात, ओढतात, असं तीनदा. मग मावाशी-उके, म्हणजे हात गोल फिरवून अडवणं, करत मागे यायचं. इतकी वर्षं मुलं तो भाग 'संपत आलं' म्हणून भराभर उरकत होती. आता आमच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ त्याच तीन ओढींवर जातो.

परीक्षेच्या पद्धतीबद्दलही तू जे सांगितलंस ते इथे लिहिते, कारण ते शिक्षकांच्या कामाचं आहे. गोजूत सानचिन चालू असताना शिक्षक खांद्यावर, पाठीवर, मांडीवर थापा मारून अंग बांधलेलं आहे का ते तपासतात. तुमच्या आजोबांच्या शाळेत शिक्षक हात ढकलतात, ओढतात, वर उचलायला बघतात. दणका सहन होतो का, हा आपला प्रश्न. जोर आला तर तो जमिनीत जातो का, हा त्यांचा. मी आता लहान मुलींना थाप मारतच नाही, ढकलून बघते. त्यांच्या पायांत जो फरक पडला आहे तो पालकांनाही दिसतो.

आमच्या सकाळच्या बॅचला पन्नाशी ओलांडलेली काही मंडळी येतात, त्यांतल्या दोघांना रक्तदाबाचा त्रास आहे. श्वास कोंडून अंग आवळलं की रक्तदाब चढतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. गोजूत श्वास कोंडायचा नसतोच, पण नवशिक्या माणसाकडून जोर लावताना तो हमखास कोंडला जातो. तू सुचवलंस, की त्यांना सानचिन बंद करू नकोस, तुमच्याकडचा नाकाचा शांत श्वास आणि उघडा हात दे. त्यांच्या डॉक्टरांना विचारून तसंच केलं. ते दोघंही सगळ्यांबरोबर त्याच रांगेत उभे राहून तीच तीन पावलं टाकतात, आणि कुणाला बाजूला बसवावं लागत नाही. या एका सल्ल्यासाठी तुझे जितके आभार मानावे तितके थोडे.

भारतातून चीनला गेले असं मानतात त्या बौद्ध भिक्षू बोधिधर्माचा विषय मात्र नाजूक होता. 'हे सगळं भारतातूनच गेलं' असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात, आणि तुमच्या पंच-पूर्वजांतही दामो म्हणजे बोधिधर्म आहेच. तू हळुवारपणे सांगितलंस, की त्यांचं नाव व्यायामाशी जोडणारा यीजिनजिंग हा ग्रंथ अभ्यासक सतराव्या शतकातला मानतात, बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला. वर्गात मी आता दोन्ही सांगते: परंपरा काय मानते आणि कागद काय सांगतात. मुलं दोन्ही नीट ऐकून घेतात.

मला दाखवण्याआधी तू आजोबांची परवानगी घेतलीस, हे मला फार आवडलं. त्यांना माझा वाकून नमस्कार सांग. आपली विद्या दुसऱ्या घराण्याच्या, न पाहिलेल्या मुलीला दाखवू देणं ही लहान गोष्ट नाही.

डिसेंबरात येशील तेव्हा एक सकाळ आमच्यासाठी राखून ठेव. मुलींना तुझं साम-चिएन समोरून बघायचं आहे, आणि तुझ्या कोपराला हात लावून जोर कुठून येतो ते तपासायचं आहे. यादी करून बसल्यात. शिवाय वळताना मागचा पाय आधी की कंबर आधी, यावर आमच्याकडे दोन तट पडले आहेत. त्याचा निकाल तूच लावायचा आहेस.

तुझीच,
सांगलीच्या वर्गातली धाकटी