टिपरेरी हा क्लब नाही हो

संपादक साहेब, नमस्कार.

मागे आपल्या क्रीडा पानावर खाली कोपऱ्यात एक छोटी बातमी होती, 'आयर्लंडमधील हॉकीसारख्या खेळात टिपरेरी क्लबने कॉर्क क्लबला नमवून लीग जिंकली'. मी नऊ वर्षं कॉर्कमध्येच नोकरीला आहे, आपला पेपर रोज मोबाईलवर वाचतो, आणि एवढ्याशा बातमीत इतक्या चुका बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे खेळाचं नाव हर्लिंग. हातात ॲशच्या लाकडाची स्टिक, तिला हर्ली म्हणतात, आणि बॉल म्हणजे स्लिटर, आत बुचाचा गाभा आणि वरून चामडं (कॉर्कवाल्यांचा खेळ आणि बॉलमध्येही कॉर्क, हा पीजे इथे कोणालाच कळत नाही). हॉकीत बॉल जमिनीवर राहतो, इथे हवेतच जास्त असतो, हातात झेलतात, स्टिकवर तोलून पळतात, आणि समोरचा स्टिक फिरवत येतोय तरी हात वर घालतात. एका टीमचे १५ जण. गोलकीपरला चुकवून जाळ्यात गेला तर गोल म्हणजे ३ पॉइंट, आडव्या दांड्यावरून गेला तर १. म्हणून स्कोअर ३-२७ असा लिहितात, म्हणजे ३ गोल आणि २७ पॉइंट, त्याचे होतात ३६.

आता मुख्य मुद्दा. टिपरेरी आणि कॉर्क हे क्लब नाहीत, काउंट्या आहेत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा. आणि लीग वेगळी असते, ही होती ऑल आयर्लंड चॅम्पियनशिपची फायनल, २० जुलै २०२५, डब्लिनचं क्रोक पार्क, ८२ हजारांचं स्टेडियम खचाखच. इथे लिलाव नाही, फ्रँचायझी नाही, परदेशी खेळाडू नाही. ज्या गावच्या क्लबात लहानपणी हर्ली धरली त्या गावची काउंटी, संपलं. खेळाडूंना पगारही नाही, जाण्यायेण्याचा वगैरे खर्च मिळतो तेवढाच. रविवारी ८० हजार लोकांसमोर खेळलेला माणूस नंतर परत शाळेत शिकवायला नाहीतर शेतावर जातो. लोकांना याचं फार कौतुक, मला अर्धंच पटतं. तिकिटांचे पैसे येतात की भरपूर! २००२ मध्ये कॉर्कच्याच खेळाडूंनी संप केला होता, तोही पगारासाठी नाही, धड डॉक्टर, प्रवास, जेवण एवढ्यासाठी.

आणि 'नमवून' या एका शब्दात तुम्ही जे गुंडाळलंत ते तर सांगायलाच पाहिजे. या दोन काउंट्या एकमेकींना चिकटून, मन्स्टर प्रांतात दोघींचं पिढ्यान्‌पिढ्या हाडवैर. कॉर्कची ३० अजिंक्यपदं पण शेवटचं २००५ चं, इथल्या कॉलेजातल्या पोरांनी कप बघितलेलाच नाही. त्यात २०२४ ची फायनल क्लेअर काउंटीविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये एका पॉइंटने गेलेली. (अर्थात मेयो काउंटीवाल्यांसमोर हे रडगाणं गाऊ नये, ते गेलिक फुटबॉल या इथल्याच दुसऱ्या खेळात १९५१ पासून वाट बघतायत.) म्हणून २०२५ हे आपलंच असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. लीगच्या फायनलमध्ये टिपरेरीला धुतलं होतं, एप्रिलमध्ये परत कॉर्कच्या मैदानावर १५ पॉइंटने हरवलं, टिपरेरीचा १९ वर्षांचा डॅरा मॅकार्थी त्या मॅचमध्ये सुरुवातीच्या काही सेकंदांतच रेड कार्ड घेऊन बाहेर गेला होता.

फायनल मी शेजाऱ्यांकडे बघितली. आजोबा टिपरेरीचे, आजी कॉर्कच्या, एकाच खिडकीला दोन झेंडे, कॉर्कचा लाल-पांढरा, टिपरेरीचा निळा-पिवळा. हाफ टाइमला कॉर्क ६ पॉइंटने पुढे, आजोबा काही न बोलता उठले आणि किचनमध्ये जाऊन भांडी घासायला लागले. मग दुसऱ्या हाफमध्ये काय झालं देव जाणे, कॉर्कचे अख्ख्या हाफमध्ये २ पॉइंट, फक्त २! आणि टिपरेरीचे ३ गोल, त्यातला पेनल्टीचा त्याच मॅकार्थीचा, त्याने एकट्याने १-१३ केले. नातू ओरडला तसे आजोबा फेसाळ हातांनीच दारात येऊन उभे राहिले, पण आत येऊन बसले नाहीत, बसलं तर नशीब फिरेल म्हणे. आजींनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, टीव्ही मात्र बंद केला नाही, शेवटपर्यंत तसाच बघितला. ३-२७ विरुद्ध १-१८, म्हणजे पुन्हा बरोब्बर १५ पॉइंट, या वेळी उलटे. टिपरेरीचं २९ वं अजिंक्यपद, म्हणजे कॉर्कपेक्षा फक्त एकाने मागे, आणि ३६ अजिंक्यपदंवाली किल्केनी काउंटी दोघांकडे बघून हसणार.

तर पुढच्या वेळी बातमी सहाच ओळींची छापा, पण क्लबच्या जागी काउंटी लिहा. नाहीतर आजोबांना भाषांतर करून दाखवायची माझी तरी हिंमत नाही, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आजी उठायच्या आत स्वतःचा झेंडा गुपचूप काढून ठेवला होता. लाल-पांढरा तसाच लटकतोय.

आपला,
एक वाचक, कॉर्क (आयर्लंड)