खाडीकाठचे ‘पडीक’ भरतीच्या वेळी मोजा

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

ठाणे खाडीकाठच्या ‘पडीक’ ठरवलेल्या जमिनीवर कोळंबीची तळी नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न जागेचा आहे. तिवरांना (खारफुटीच्या झाडांना) निदान कागदावर संरक्षण आहे. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवनाभोवतीचे ५० मीटरही राखीव झाले. त्यामागच्या पट्ट्याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. तिथे मोरस, धापा यांसारख्या खाऱ्या मातीतल्या वनस्पती, खारे गवत आणि मधूनच पिलूचे झाड उगवते. हाच पिलू कच्छ-राजस्थानच्या रखरखाटातही वाढतो. सातबारावर अशी जमीन पोटखराबा (लागवडीस अयोग्य) म्हणून लागते आणि उन्हाळ्यात, भांगाच्या दिवसांत (भरती कमी चढते तेव्हा) पाहणी झाली की ती ओसाडच दिसते. दिसणारच, कारण तिथे पाणी फक्त उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला चढते.

त्या पट्ट्यावर बांध घातला की उधाण अडते. बांधाखाली एकच अरुंद पाइप असेल, तर आत शिरलेले पाणी ओहोटीत पुरते निघत नाही; तिवरांची चिखलाबाहेर येऊन हवा घेणारी मुळे सतत बुडून झाडे उभी वाळतात.

यात कोळंबीवालाही बुडतो. खारफुटीखालच्या काळ्या चिखलात लोह-गंधकाचे संयुग असते. खोदून हवा लागली की त्याचे आम्ल होते, मातीचा सामू (पीएच; जितका कमी तितके आम्ल जास्त) ४ च्या खाली जाऊ शकतो. पहिल्या पावसात बांधावरचे आम्ल तळ्यात उतरते, कोळंबीचे कवच मऊ पडते, मर लागते. मग आम्ल मारायला चुन्यावर चुना ओतत बसायचे. म्हणून खोदण्याआधी मीटरभर खोलीपर्यंतच्या मातीची पेरॉक्साइड चाचणी (मातीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून लपलेले आम्ल तपासणे) घ्या. माती जोरात फसफसून सामू ३ च्या खाली आला, तर तिथे तळे नकोच.

आता सांडपाणी. एक हेक्टर तळ्यात १.२ मीटर पाणी म्हणजे १ कोटी २० लाख लिटर. काढणीच्या वेळी विष्ठा आणि उरलेल्या खाद्याचा गाळ येतो तो मुख्यतः तळाच्या शेवटच्या ३० सेंटिमीटरमध्ये, म्हणजे ३० लाख लिटरमध्ये. निवळणीसाठी १० टक्के जागा दीड मीटर खोल ठेवली, तरी तीत १५ लाखच मावतात. तेव्हा हे पाणी दोन हप्त्यांत, प्रत्येकी दोन दिवस थांबवून सोडावे, अशी अट परवान्यातच हवी. तोंडी सूचना काढणीच्या घाईत कोण पाळतो?

बंद पडलेली जुनी तळी आणि उघाडीची (भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणारे दार असलेली) खाजणे, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनी, आधी वापरात आणा. नव्या जागेच्या अर्जासोबत अमावास्या आणि पौर्णिमा, अशा दोन्ही उधाणांच्या पाणीपातळीची नोंद आणि पावसाळ्यानंतरची वनस्पतींची यादी मागा. हे परिपत्रक आपल्याच खात्यातून निघू शकते.

आपले,
ठाणे–नवी मुंबई खाडीकाठचे मत्स्यशेती व खारवनस्पती अभ्यासक