मुक्तिदिनाच्या पुरवणीत त्या वेळच्या मुलांनाही जागा द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोवा मुक्तिदिनानिमित्त दरवर्षी १९ डिसेंबरला आपल्या पुरवणीत सत्याग्रहींचा तुरुंगवास, पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाच्या कारवाया आणि गोवा मुक्त करणाऱ्या ‘ऑपरेशन विजय’ या लष्करी मोहिमेचा तपशील येतो, आणि तो यायलाच हवा. मात्र १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तेव्हा आसपासच्या वाड्यांवर जी मुले होती, त्यांच्याविषयी आणि त्यांच्या आपसांतल्या मैत्रीविषयी माझ्या वाचनात फारसे आलेले नाही.

वास्कोत आमच्या शेजारी एका पोर्तुगीज सैनिकाचे कुटुंब भाड्याने राहत होते. त्याची बायको सासष्टीतली ख्रिस्ती, आणि मुलगी माझ्याच वयाची. मी मराठी शाळेत जायची, ती पोर्तुगीज शाळेत. संध्याकाळी मात्र आमचे अंगण एकच. १२ डिसेंबरला ‘इंडिया’ हे जहाज क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त पोर्तुगीज बायका-मुलांना घेऊन मुरगावहून निघून गेले, पण या दोघी मागे राहिल्या. हल्ला सुरू होऊन कौले खडखडू लागली, तशी तिची आई तिला घेऊन मागच्या दाराने आमच्याकडे आली. आजीचे सोवळे कडक, त्यामुळे एरवी ती मुलगी ओसरीच्या पुढे कधी आली नव्हती. त्या दिवशी आजीनेच तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले, भिंतीशी बसवले आणि आम्हा दोघींपुढे पेजेच्या वाट्या ठेवल्या. आम्ही एकमेकींचे कान दाबून धरले होते, त्यामुळे पेज तशीच निवून गेली. दुपारी बंदराकडून युद्धनौकांच्या तोफा ऐकू आल्या. ज्या सैन्याची माझे वडील वर्षानुवर्षे वाट पाहत होते, त्याच सैन्यासमोर तिचे वडील उभे होते. म्हणून वडिलांनी तिच्यादेखत आनंदाचा एक शब्दही तोंडातून काढला नाही.

मुक्ती न्याय्यच होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी अखेरपर्यंत लढण्याचा आदेश दिला होता. गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर वासालु इ सिल्वा यांनी तो न मानता १९ डिसेंबरला वास्कोतच शरणागती पत्करली, म्हणून कितीतरी घरे वाचली. तिचे वडील इतर ३,००० हून अधिक सैनिकांसह युद्धकैदी झाले. मे १९६२ मध्ये हे सैनिक मायदेशी परतले आणि पुढे ते कुटुंबही गेले.

तेव्हाची मुले आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपण दाबोळी, चिखली, वास्को, बांबोळी या भागांतल्या अशा वाचकांना आवाहन करून त्यांच्या आठवणी मागवाव्यात, पोर्तुगालला गेलेल्यांनाही त्यात सामील करून घ्यावे, आणि मराठी, कोकणी, पोर्तुगीज अशा ज्या भाषेत कोणी सांगेल त्या भाषेत त्या ध्वनिमुद्रित करून राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे जतन व्हाव्यात यासाठी पाठपुरावा करावा, ही विनंती. माझी आठवण सविस्तर लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, वास्को