इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टनहून पत्र, फेब्रुवारी १९८२

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

धाकट्याच्या गिरणीचा संप मिटेपर्यंत जास्त पैसे पाठवीन असं मी लिहिलं होतं. पण आमची फाउंड्री जानेवारीत बंद पडली. इतके दिवस कळवायचा धीर होत नव्हता.

बाबा, तुम्ही लिहिता, पंतप्रधान थॅचरबाईंनी सरकारी खर्चाला लगाम घातला तर बिघडलं काय, ऋण काढून सण करू नये. घरापुरतं ते खरं आहे. पण महागाई मोडायची म्हणून ७९च्या नोव्हेंबरात व्याजदर १७ टक्क्यांवर नेला. पौंड इतका वधारला की बाहेरच्या गिऱ्हाइकाला इथला माल परवडेना, आणि मालकांना कर्ज डोईजड झालं. गेल्या मार्चच्या बजेटात, ऐन मंदीत, उलट करच वाढवले. ३६४ अर्थतज्ज्ञांनी जाहीर विरोध केला, तरी सरकार हललं नाही. महागाई उतरली हे मी नाकारत नाही. ८० साली २२ टक्क्यांच्या घरात होती, आता १२ आहे. पण बेकार तीस लाखांवर गेलेत. माणूस घरी बसला की त्याचा कर बुडतो, वर भत्ता सरकारलाच द्यावा लागतो. मग वाचलं काय?

परवा बेकारभत्त्याच्या सहीला गेलो होतो. रांगेत पुढे आमच्याच भट्टीवरचे सरदारजी. बावीस वर्षं वितळलं लोखंड ओतलेला माणूस, मनगटापर्यंत ठिणग्यांचे डाग. मूळ भत्त्यावर पगाराच्या हिशेबानं सहा महिने जादा रक्कम मिळायची, ती याच जानेवारीपासून बंद केलीय. त्यांना ते खिडकीवर कळलं. काही न बोलता त्यांनी कार्ड घडी घालून खिशात ठेवलं. ते हात डोळ्यांपुढून जात नाहीत.

रोजगारमंत्री टेबिट म्हणाले, १९३०च्या दशकातल्या मंदीत माझे वडील सायकल काढून काम शोधायला गेले. मीही कोव्हेंट्रीपर्यंत फिरलो. प्रत्येक गेटवर तीच पाटी, जागा नाही. आता त्यांचंच विधेयक येतंय, बेकायदा ठरलेल्या संपाची भरपाई थेट युनियनच्या फंडातून मागता येईल. तुम्ही जन्मभर वर्गणी भरलीत, याचा अर्थ तुम्हाला मी काय सांगणार!

या महिन्यात पैसे जमणार नाहीत. आई, तू गळ्यातलं मोडू नकोस. नोकरी गेल्याची नुकसानभरपाई हातात आली की पहिला ड्राफ्ट तुमचाच.

तुमचा,
थोरला