भोसरीच्या शेडमधून काकांना

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

पत्र उघडपणे लिहितेय, कारण २०२० मध्ये तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते आमच्यासारख्या आणखी चार शेडवाल्यांच्या कामी यावं.

लॉकडाऊनमध्ये सुटे भाग कातायचं लेथ मशीन बंद, कामगार गावी, भाडं मात्र चालू. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते ऑगस्टपर्यंत भरले नाहीत तरी चालेल म्हटल्यावर आम्हाला हायसं वाटलं होतं. तुम्ही निवृत्त झालात तरी बँकवालेच! "हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही," म्हणालात आणि आकडा करून दाखवलात. मग सरकारी हमीचं कर्ज समजावलंत: २९ फेब्रुवारीला खात्यावर जी बाकी, तिच्या २० टक्के, वेगळं तारण नाही, पहिलं वर्ष नुसतं व्याज. त्यात मजुरी आणि वीजबिल निभावलं.

पण तुमची खरी मदत झाली ती उधारीच्या वहीत. जॉबवर्कची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना करून दिलेल्या कामाची, बिलं तुम्ही गिऱ्हाइकवार मांडायला लावलीत आणि एका नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत. अर्ध्याहून जास्त येणं त्या एकाच कंपनीकडे! आम्ही व्याजाने पैसे काढत होतो आणि आमचेच पैसे तिथे बिनव्याजी पडून होते. "तुम्ही लेथ चालवताय की त्यांची बँक?" हे ह्यांना फार लागलं.

लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, तेव्हाच्या उद्योग आधारचं, प्रमाणपत्र आमच्याकडे होतंच, फ्रेम करून गणपतीच्या फोटोशेजारी. ते कशाला असतं ते तुमच्याकडून कळलं. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे आमच्यासारख्यांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. तरी त्या कंपनीला लिहिलेल्या पत्रात तुम्ही धमकीचा शब्द येऊ दिला नाहीत. बिलांची यादी, कलमाचा उल्लेख, खाली "सहकार्य अपेक्षित". पैसे तुकड्यातुकड्याने आले, पण आले. (काम जाईल या धास्तीने हा कायदा कुणी फारसा काढत नाही, हेही खरं.)

आता एका गिऱ्हाइकाचं काम एक तृतीयांशाच्या वर जाऊ देत नाही. फरसाण मशीनवाल्यांचे बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, करतो. भाव कमी, पण रोख. मजुरीचे पैसे मी आधीच वेगळ्या खात्यात टाकते, ह्यांच्या नजरेलाच पडू देत नाही.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. त्यात भर म्हणून शेजारच्या दोघांना तुमचा पत्ता देऊन बसलेय, तुम्हाला न विचारता. रविवारी वह्या घेऊन येतील.

कळावे,
आपली,
शेडमधली हिशेबनीस