जेवणानंतर पुन्हा गॅस तपासणाऱ्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात हे मला जुहूच्या हेलिबेसवर, जिथून आपण हेलिकॉप्टरने समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जायचो, एका क्रेन ऑपरेटरने सांगितलं. तुमच्या निरोपाच्या वेळी मी समुद्रात होतो. फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून तो बदलता, म्हणून पत्र लिहितोय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. अपघात झाला तर पेपरात येतं. एका माणसाने हट्ट धरून तो होऊ दिला नाही, हे कुठेच छापून येत नाही.

शटडाऊनमधला, म्हणजे दुरुस्तीसाठी काम बंद असतानाचा, तो सेपरेटर तुम्हाला आठवत असेलच; तेल, पाणी आणि गॅस वेगळं करणारी ती मोठी बंद टाकी. लाइनींना ब्लाइंड, म्हणजे पाइप बंद करणाऱ्या चकत्या, मारलेले, वेसल म्हणजे ती टाकी पाण्याने धुतलेली, मॅनहोलवर हवा खेळवणारा ब्लोअर लावलेला. सकाळी तुम्ही तपासलंत तेव्हा ऑक्सिजन 20.9 टक्के आणि बाकी सगळं शून्य होतं. परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या परवानगीच्या कागदावर, सह्या झाल्या, आम्ही आत उतरलो आणि जेवणापर्यंत तळाचा निम्मा गाळ बाहेर काढला. जेवून परत आलो तर ब्लोअर बंद. दुसऱ्या कामासाठी कोणीतरी त्याची वायर काढून नेली होती. सुपरवायझर म्हणाला, "सकाळचं रीडिंग आहे, परमिट संध्याकाळपर्यंत आहे, वायर येईल, तोवर सुरू करा." तुम्ही मॅनहोलच्या तोंडाशी उभे राहिलात आणि म्हणालात, "परमिट संध्याकाळपर्यंत आहे, पण हवा सकाळची आहे."

मग गॅस डिटेक्टरची नळी आत सोडलीत. वर ठीक, मध्ये ठीक. तळाशी, जिथे आम्ही गुडघ्यांवर बसून फावडं मारणार होतो, तिथे डिटेक्टर ओरडायला लागला. हायड्रोजन सल्फाइड या विषारी गॅसचा आकडा 10 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग) ओलांडून चढतच राहिला. ढवळलेल्या गाळातून गॅस सुटत होता आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचत होता. सुपरवायझरची बडबड सुरूच होती, कारण शटडाऊनचा एकेक तास मोजला जातो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. मॅनहोलपाशी टांगलेलं परमिट प्लॅस्टिकच्या पाकिटासकट काढलंत आणि कंट्रोल रूममध्ये नेऊन जमा केलंत. कागदच नाही म्हटल्यावर कोणी आत जाणार कसं? ब्लोअर पुन्हा लागला, वेसल पुन्हा धुतलं गेलं, पुन्हा तपासणी झाली, आणि मगच तुम्ही आम्हाला आत सोडलंत.

काका, त्या मॅनहोलमधून पहिला मी उतरणार होतो. या पत्रात मला मुख्य सांगायचंय ते हेच.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी तुम्ही आम्हा पोरांना घेऊन बसलात. हा गॅस थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजणारा माणूस तिथेच पडतो. 500 च्या पुढे काही मिनिटांत शुद्ध जाते, 1000 ला एकदोन श्वासांत. ऑक्सिजन आधी का बघायचा तेही तेव्हाच कळलं. जळणारा गॅस मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. तो कमी असेल तर सेन्सर कमी आकडा दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. बाहेर काढलेला काळा गाळ ओला ठेवायचा, कारण त्यातलं आयर्न सल्फाइड वाळलं की ठिणगीशिवाय पेटतं. ही माहिती ट्रेनिंगच्या पुस्तकात असते. पण गाळाच्या पिंपावर स्वतः पाणी मारत, प्रत्येक गोष्टीचं कारण सांगणारा माणूस मला तुमच्याआधी भेटला नव्हता.

आणि तुमचा तो प्रश्न, "आत जोडीदार पडला तर काय करशील?" एक पोरगा पटकन म्हणाला, "उडी टाकीन." तुम्ही त्याचा हात धरलात आणि म्हणालात, "मग दोन मढी निघतील. आधी रेडिओ, मग बीए सेट, मग आत." बीए सेट म्हणजे श्वासासाठी पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मास्क. बंदिस्त जागेत वाचवायला गेलेली माणसंच किती मरतात, हे तुम्ही इतक्या काकुळतीने सांगत होतात की आमच्यातला कोणीच काही बोलला नाही.

पायपर अल्फाची गोष्टही तुमच्याकडूनच ऐकली. 6 जुलै 1988, नॉर्थ सीमधला तेलाचा प्लॅटफॉर्म. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, ते परमिट रात्रपाळीला समजलं नाही, पंप सुरू झाला आणि 167 माणसं गेली. आपल्याकडची 27 जुलै 2005 ची घटना सांगताना तुम्ही जास्त थांबत थांबत बोलायचात. मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मवर एका जखमी स्वयंपाक्याला जहाजावरून प्लॅटफॉर्मवर घेत होते. जहाज उसळून गॅसच्या रायझरवर, म्हणजे समुद्रतळातून वर येणाऱ्या पाइपवर, आदळलं, आग लागली आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. 384 पैकी 362 जण वाचले, 22 जण नाही. म्हणूनच तुम्ही प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी मस्टर पॉइंटपर्यंत, म्हणजे संकटात सगळ्यांनी जमायच्या जागेपर्यंत, दोन वाटांनी चालवायचात. एक रोजची, दुसरी त्या जिन्यावर आग असेल तेव्हाची. दमून आलेली पोरं कुरकुर करायची, पण तुम्ही त्यांना चालायला लावायचातच.

एक गोष्ट मला अजून बोचते. त्या दुपारी काम थांबवल्याबद्दल वरून कोणी तुमची पाठ थोपटली नाही. उलट उशीर का झाला, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागलं. तुम्ही ते शांतपणे लिहून दिलंत, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा नळी घेऊन मॅनहोलपाशी हजर झालात. तुमचा हा चिवटपणा आमच्या क्षेत्रात फार थोड्या लोकांकडे आहे. पोटावर पाय येईल या भीतीने कंत्राटी माणूस गप्प बसतो, हे मी रोज बघतो. तुम्ही आमच्या वतीने बोललात म्हणून आम्हाला गप्प राहण्याची वेळ आली नाही.

आता गॅस टेस्टिंगचं काम माझ्याकडेही आलंय. ब्रेकनंतर पुन्हा तपासल्याशिवाय मी कोणाला आत सोडत नाही, आणि ब्लोअरची वायर कुठून येते ते आधी बघतो. आईला तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय. ती म्हणते, त्यांना एकदा घरी जेवायला बोलव. गणपतीत मी सुट्टीवर आहे, काकूंना घेऊन नक्की या.

येताना एक काम मात्र करा. आमच्या आळीतली पोरं दिवाळीनंतर कुवेतला रिगवर कामाला चाललीत. आरती झाली की त्यांना ओटीवर बसवतो. तुमच्या पद्धतीने तासभर बोला त्यांच्याशी. डिटेक्टर मी आणून ठेवतो.

तुमचा,
सेपरेटरवाला पोरगा
अलिबाग